मॅगसल्फ दिलं, पण किती आणि केव्हा?

चिठ्ठीवर एवढंच लिहिलं होतं : 'झटके. इंजेक्शन दिले. पुढील उपचारासाठी पाठवत आहे.' खाली सही, तीही न लागणारी. रात्रीचे तीन वाजत आले होते. सातपुड्यातल्या एका पाड्यावरून आधी झोळीत, मग जीपमध्ये, मग ॲम्ब्युलन्समध्ये अशी टप्प्याटप्प्यानं आलेली वीस-एकवीस वर्षांची पहिलटकरीण टेबलावर होती. बीपी 170/120, तोंड सुजलेलं, जीभ चावलेली, धड शुद्धीत नाही आणि धड बेशुद्धही नाही. सोबत सासू आणि दीर. इंजेक्शन कसलं, किती, कधी, हे दोघांनाही सांगता येईना. "सुई दिली ना बाई," एवढंच दीर पुन्हा पुन्हा म्हणत होता.

मी मॅगसल्फ भरायला सांगितलं, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, गरोदरपणात बीपी वाढून येणाऱ्या झटक्यांवरचं औषध. शिरेतून 4 ग्रॅम आणि दोन्ही कुल्ल्यांत 5-5, असा 14 ग्रॅमचा पहिला डोस. शिरेतली सिरिंज भरून हातात घेतली, तेवढ्यात आमच्या जुन्या सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, आधी कूस बदलून पाहून घेऊ." कूस बदलली. दोन्ही बाजूंना कापसाचा बोळा, वर चिकटपट्टी. प्रसूतीच्या कामात दोन्ही कुल्ल्यांत एकदम टोचण्यासारखं औषध एकच आहे. म्हणजे 10 ग्रॅम आधीच अंगात होते आणि वर मी आणखी 14 द्यायला निघाले होते. लघवी किती झाली हे वाटेत कोणी पाहिलंच नव्हतं. कॅथेटर घातला तर पिशवीत चहाच्या रंगाचा घोटभर थेंबटा.

ती बाई वाचली, बाळही वाचलं. पण त्या रात्रीपासून 'गाडीत मॅगसल्फ द्यावं की नाही' हा वाद कुठे निघाला की मला ते दोन बोळे आठवतात. वाद जुना आहे. धुळ्या-जळगावच्या मोठ्या दवाखान्यांत बसलेले माझ्याच व्यवसायातले ज्येष्ठ म्हणतात, हे औषध श्वास थांबवू शकतं, ते उपकेंद्रातल्या सिस्टरच्या आणि ॲम्ब्युलन्सवरच्या डॉक्टरच्या हाती देऊ नका, पेशंट आमच्याकडे लवकर पाठवा, बाकी आम्ही बघतो. डोंगरातली मंडळी म्हणतात, लवकर म्हणजे किती लवकर? धडगावहून निघून चांदसैली घाटानं किंवा शहाद्याच्या रस्त्यानं नंदुरबार गाठायला दोन-अडीच तास मोडतात. पावसाळ्यात घाटात दरड आली की वेळ मोजण्यात अर्थ उरत नाही. त्याच्या आधीचे पाड्यावरून रस्त्यापर्यंतचे तास कुठल्याच रजिस्टरात नसतात.

मी डोंगरातल्या मंडळींच्या बाजूनं आहे. पहिला डोस जिथे झटका आला तिथेच, निदान गाडीत तरी, मिळायलाच हवा. पण ज्येष्ठांची भीती खोटी आहे असंही मी म्हणणार नाही. मॅगसल्फनं माणूस मरतो. आणि बहुतेक वेळा मरतो तो एका हातानं दिलेलं दुसऱ्या हाताला न कळल्यामुळे. माझं भांडण त्या जागेशी आहे.

औषध म्हणजे काय तर साधं मीठ. खान्देशातल्या शेतकऱ्याला मॅग्नेशियम सल्फेट नवं नाही. कपाशीवर लाल्या दिसला की तो हेच पाण्यात मिसळून फवारतो. दवाखान्यातलं निर्जंतुक असतं आणि ॲम्प्युलमध्ये येतं, एवढा फरक. जुनं आहे, स्वस्त आहे, कोणाचं पेटंट नाही, त्यामुळे कुठल्या कंपनीचा माणूस बॅग घेऊन त्याची महती सांगायला येत नाही. ऑक्सिटोसिनसारखे फ्रीजचे लाडही त्याला लागत नाहीत. मे महिन्यात जळगावचा पारा 45 च्या वर जातो, तेव्हा गाडीच्या पेटीत राहूनही टिकणारी जी थोडी औषधं आहेत त्यांत हे एक.

आणि ते चालतं. 1995 साली 1,687 स्त्रियांवरचा एक मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात भारतातलीही केंद्रं होती. झटक्यांवरच्याच डायझेपाम या औषधाच्या तुलनेत मॅगसल्फ दिलेल्या बायकांमध्ये पुन्हा झटका येण्याचा धोका 52 टक्क्यांनी कमी निघाला, फेनिटॉइन या तिसऱ्या औषधाच्या तुलनेत 67 टक्क्यांनी. म्हणजे प्रश्न तिथेच मिटायला हवा होता. तरी आजही गरोदर बाईला फीट आली की पहिला हात 'काम्पोज'कडे, म्हणजे डायझेपामकडेच जातो. गंमत अशी की श्वासाच्या भीतीनं मॅगसल्फ टाळणारेच डायझेपाम बिनदिक्कत ठोकतात. तेही श्वास मंदावतं, शिवाय बाईला इतकं गुंगवतं की पुढच्या दवाखान्यात तिची शुद्ध हरपली ती आजारानं की औषधानं, हे ओळखता येत नाही. सवयीचं औषध आपल्याला निरुपद्रवी वाटतं, एवढंच त्यातलं तथ्य.

भीतीचं मूळ शोधायचं तर औषधाच्या अंकगणितात शोधावं लागतं. आपल्याकडचा ॲम्प्युल 2 मिलीचा, 50 टक्क्यांचा. म्हणजे 1 मिलीत अर्धा ग्रॅम आणि एका ॲम्प्युलमध्ये 1 ग्रॅम. शिरेतून द्यायचं तर 50 टक्क्यांचं घट्ट औषध तसंच सोडायचं नाही, 20 टक्क्यांवर आणायचं : 4 ॲम्प्युल म्हणजे 8 मिली, त्यात 12 मिली डिस्टिल्ड वॉटर, झाले 20 मिली. ते कमीत कमी 5 मिनिटं घेऊन हळूहळू. कुल्ल्यात मात्र पाणी न मिसळता, एकेका बाजूला 5 ॲम्प्युल, खोल स्नायूत. सुई आखूड पडली तर औषध चरबीत जातं, गाठ येते, पुढे गळूही होतं. आता हे सगळं डोळ्यासमोर आणा : घाटातलं वळण, गाडीच्या छतावरचा मिणमिणता दिवा, बाई झटके देतेय, नातेवाईक ओरडताहेत, आणि एक माणूस एका हातानं कडी धरून दुसऱ्या हातानं एकामागून एक ॲम्प्युल फोडतोय. सातवा फोडला की आठवा, हे दहावीपर्यंत गणितात पहिल्या आलेल्यालाही लक्षात राहणार नाही. मी स्वतः उभ्या गाडीत मोजताना चुकले आहे. नंतर फोडलेल्या माना ट्रेमध्ये ओळीनं लावून ठेवायची सवय लावून घेतली. माना मोजल्या की ग्रॅम कळतात.

'टक्के', 'मिली', 'ग्रॅम' आणि वर काही लेबलांवर 'मिलिइक्विव्हॅलंट', अशी चार मापं एका थेंबावर नांदतात. माणसं हुशार असतात, पण रात्री तीनला चार मापांत विचार करत नाहीत. म्हणून माझा पहिला आग्रह असा की गाडीत मापं ठेवूच नका, फक्त ॲम्प्युलची संख्या ठेवा. पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मोठ्या मराठी अक्षरांत : 'शीर : 4 ॲम्प्युल + 12 मिली पाणी, घड्याळ लावून 5 मिनिटं. कुल्ला : डावा 5, उजवा 5.' बस्स. टक्क्यांचं प्रवचन प्रशिक्षणात द्यावं, गाडीत नको.

आता शीर की कुल्ला? शहरातल्या डॉक्टरला वाटतं, शिरेतून दिलेलं ते खरं औषध. चालू झटका थांबवायला ते लगेच लागू पडतं हे खरंच. पण नुसत्या शिरेतल्या डोसचा असर अर्ध्या तासात ओसरायला लागतो. घाट अजून संपलेला नसतो. स्नायूतलं तास-दीड तास संथपणे चढतं, पण तीन-चार तास साथ देतं. अडीच तासांच्या रस्त्यासाठी कुल्ल्यातलं औषधच इमानी. केंद्र सरकारच्या 2010 च्या मार्गदर्शक सूचनांनी एएनएमला, म्हणजे उपकेंद्रातल्या सिस्टरला, नेमकी हीच मुभा दिली आहे : झटके आले की पहिला डोस, दोन्ही कुल्ल्यांत मिळून 10 ग्रॅम, आणि मग पुढे पाठवा. जागतिक आरोग्य संघटनेनंही 2011 मध्ये सांगितलं की पूर्ण उपचार शक्य नसेल तिथे पहिला डोस द्या आणि ताबडतोब हलवा. तेव्हा 'सिस्टरनं द्यावं का' हा प्रश्न कागदावर दीड दशकापूर्वीच सुटला आहे. उरला आहे तो शिरेचा प्रश्न, आणि तिथे मी थोडी कडक आहे. सलाईन नीट लागलेलं, मागे प्रशिक्षित माणूस, त्याच्या हाताशी अंबू बॅग (हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी), आणि गाडी पाच मिनिटं बाजूला उभी करायची चालकाची तयारी; यातलं एक जरी नसेल तरी शिरेच्या वाटेला जाऊ नये. चालत्या गाडीत पाच मिनिटांचं इंजेक्शन एका मिनिटात संपतं, कारण धक्क्यानं अंगठा पुढे जातो. मी हे पुस्तकात वाचलेलं नाही, पाहिलेलं आहे.

जास्त गेलं तर काय होतं, त्याचा क्रम मात्र या औषधानं मेहरबानी करून ठरवून ठेवला आहे. आधी गुडघ्याची उडी जाते, म्हणजे गुडघ्याखाली ठोकलं तरी पाय उडत नाही. मग श्वास मंदावतो. हृदयाचा नंबर त्यानंतर. म्हणजे गुडघा उडतोय तोवर निर्धास्त राहायला हरकत नाही. हातोडी नसली तर स्टेथोस्कोपची कडा चालते, तळहाताची बाजू चालते. श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचा. 16 च्या खाली असेल तर पुढचा डोस नाही. तिसरी खूण लघवीची. हे मीठ शरीरातून बाहेर पडतं ते मूत्रपिंडाच्या वाटेनंच, आणि नेमकी याच आजारात मूत्रपिंडं मान टाकतात. तासाला 30 मिलीच्या खाली लघवी म्हणजे आत गेलेलं आतच साठतंय. माझ्या त्या रात्रीच्या पेशंटच्या पिशवीतला चहाच्या रंगाचा थेंबटा हेच सांगत होता, फक्त ऐकायला वाटेत कोणी नव्हतं.

हे 'कोणी' खरं महागडं आहे. औषध स्वस्त, नजर महाग. 108 ची सेवा राज्यात 2014 ला सुरू झाली ती 937 गाड्यांनिशी. 233 अत्याधुनिक, 704 साध्या, आणि गाडीवर डॉक्टर असावा हा तिचा मोठेपणा. त्यातले कितीतरी बीएएमएस झालेले. 'आयुर्वेदवाल्यांच्या हाती मॅगसल्फ?' असं नाक मुरडणाऱ्यांना मी विचारते, तुमच्या लेबर रूममध्ये रात्री ते कोण देतं? सिस्टर देते आणि उत्तम देते. ज्यानं वीस वेळा कोणाच्या देखरेखीखाली गुडघा ठोकून पाहिला आहे तो मला एमडी झालेल्या आणि गुडघा न ठोकणाऱ्यापेक्षा जवळचा. पण सगळ्याच बायका 108 नं येत नाहीत. 102 च्या, म्हणजे बाळंतिणींची ने-आण करणाऱ्या सरकारी गाडीत बहुतेकदा चालकाशिवाय कोणी नसतं. डोंगरातली जीप तर जीपच. तिथे 10 ग्रॅम टोचून बाईला सासूच्या भरवशावर मागे निजवलं की आपण सुटलो, असं समजणं चूक आहे. उपकेंद्रातली सिस्टर गाडीत बसली तर उपकेंद्र उघडं पडतं, नाही बसली तर बाई उघडी पडते. या पेचावर कोणी बोलत नाही. माझं मत स्पष्ट आहे : मॅगसल्फ दिलेल्या बाईबरोबर दिलेला माणूस जावा, किंवा त्यानं शिकवलेली आशा तरी जावी, आणि त्या रात्री उपकेंद्राला कुलूप लागलं म्हणून कोणी नोटीस काढू नये. श्वास मोजणं, कुशीवर निजवणं, तोंडातला फेस पुसणं, दातांत चमचा न घालणं, हे आशाताईंना शिकवायला एक दुपार पुरते. चप्पल आणि कांदा हुंगवायला निघालेल्या चुलत सासऱ्याला थोपवण्याचं कसबही त्यांच्याइतकं कोणात नाही. "बाईना आंगमा उनं" (बाईच्या अंगात आलं) म्हणणाऱ्या मायबहिणींशी वाद न घालता त्या फक्त म्हणतात, "हां माय, पण गाडीत बसा पहिले."

औषध जास्त झालंच तर त्यावर उतारा आहे, आणि तो माहीत असूनही जवळ नसतो, याचा मला राग येतो. कॅल्शियम ग्लुकोनेट, 10 टक्क्यांचं, 10 मिली, म्हणजे 1 ग्रॅम, शिरेतून सावकाश. श्वास मंदावला की अंबू बॅगनं श्वास देत देत हे द्यायचं. नियम म्हणून ते सगळीकडे आहे. प्रत्यक्षात ते औषधाच्या कपाटात असतं आणि मॅगसल्फ लेबर रूमच्या ट्रेमध्ये. गाडीच्या पेटीत कधी एक असतं, कधी दुसरं. ज्या पेटीत मॅगसल्फ आहे त्याच पेटीत, त्याच रबरानं बांधलेलं कॅल्शियम नसेल, तर ती पेटी अपुरी समजून गाडी भरणाऱ्यानं सही करू नये. सही करणाऱ्यांना हे आवडणार नाही हे मला माहीत आहे. आणखी एक : पोटॅशियम क्लोराइडचा 10 मिलीचा ॲम्प्युल त्या पेटीच्या आसपाससुद्धा नको. तोही पाण्यासारखा, तोही क्षार, वरची छपाई घामाच्या बोटांनी पुसट झालेली. आणि त्यातले 20 मिलिइक्विव्हॅलंट शिरेतून एकदम गेले तर हृदय जागच्या जागी थांबतं. त्याला कुठला गुडघा आधी इशारा देत नाही. गाडीत त्याचं काहीही काम नाही.

डॅलसमधल्या ज्या डॉक्टरांच्या पद्धतीवर आपण हे 14 ग्रॅम देतो, त्यांनी 1984 साली आपला हिशेब मांडला होता. झटके आलेल्या 245 स्त्रिया, मृत्यू एक. आणि तो एक मृत्यू झटक्यानं झाला नव्हता, चुकून शिरेतून जास्त गेलेल्या मॅग्नेशियमनं झाला होता. मी हा आकडा प्रशिक्षणात सांगते तेव्हा समोरचे अर्धे लोक म्हणतात, बघा, किती सुरक्षित. आणि उरलेले म्हणतात, बघा, किती धोकादायक. दोघंही एकाच वाक्यातून आपापलं काढतात. त्या हिशेबातल्या बायका अमेरिकेतल्या होत्या, हेही ध्यानात असावं. आपली सातपुड्यातली पोरगी नऊ महिन्यांची गरोदर असून 42 किलोची असते. सोलापूरच्या डॉक्टरांनी भारतीय बायकांच्या वजनाचा विचार करून कमी मात्रेचा मार्ग तपासला, बांगलादेशातही तसं काम झालं. आपल्याकडे अजून कुठे कोणती मात्रा पाळायची याबद्दल एका जिल्ह्यात दोन मतं असतात. मला त्यातली कुठलीही एक चालेल. खालच्या दवाखान्यानं एक आणि वरच्यानं दुसरी पाळणं चालणार नाही. डोंगरातली सिस्टर एका पाठानं शिकलेली आणि जिल्ह्याचा डॉक्टर दुसऱ्या पाठानं, यातूनच 'तिनं दिलं ते धरायचं नाही, आपण पहिल्यापासून देऊ' ही वृत्ती येते. आणि मग आकडा 24 वर जातो.

राज्याचं माता मृत्यूचं प्रमाण 2018-20 च्या मोजणीत लाख जिवंत जन्मांमागे 33 होतं, देशाचं 97. चांगलंच आहे. पण सरासरी ही सपाटीवरची बाई आहे. तिला अक्राणीचा, म्हणजे धडगावकडचा, घाट चढावा लागत नाही. आता नंदुरबारलाही वैद्यकीय महाविद्यालय झालं, जळगावला त्याआधी दोन वर्षं झालं, धुळ्याचं तर जुनंच. वर खाटा वाढल्या, तज्ज्ञ आले, हे मी स्वतः पाहिलं. खालून वर येणारी चिठ्ठी मात्र 'इंजेक्शन दिले' वरच अडली आहे. ॲपमध्ये भरायच्या चोवीस रकान्यांत ही चिठ्ठी सापडत नाही. आणि रेंज नसलेल्या ठिकाणाहून निघालेल्या बाईचं ॲप दुसऱ्या दिवशी दुपारी भरलं जातं, तोवर तिचं बाळ दूध पीत असतं किंवा नसतं.

म्हणून गेली काही वर्षं जिथे जिथे शिकवते तिथे मी कागदावर भरवसा ठेवू नका म्हणते. कागद दिराच्या खिशात जातो, खिसा भिजतो, दीर गाडीतून उतरून तंबाखू आणायला जातो. दोन इंच चिकटपट्टी घ्या, बॉलपेननं लिहा : 'मॅग 10, कुल्ला, 11.40, गुडघा आहे.' ती बाईच्या मनगटावर लावा. श्वास, लघवी पाहिली की खाली वेळ टाका. वरच्या दवाखान्यात हात पहिला पाहिला जातो, सलाईनसाठी. एकदा शिरपूरकडच्या एका आजीनं सुनेचा हात माझ्यासमोर धरला आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "आधी हाई दखा." त्या पट्टीवर चार आकडे होते. मी पहिला डोस दिला नाही, चार तास भरायची वाट पाहिली आणि गुडघा, श्वास, लघवी पाहून पुढचा दिला.

त्यावरही तक्रारी आहेतच. एप्रिल-मे मध्ये घामानं पट्टी सुटते, शाई पसरते, एकाचे सात होतात. साक्रीकडच्या एका सिस्टरनं त्यावर उपाय काढला : मार्कर पेननं थेट मांडीवर लिहायचं, दोन्ही मांड्यांवर, टोचल्या बाजूला टोचलेला आकडा. डॉक्टरसाहेबांना ते बरं दिसत नाही म्हणून तिला एकदा बोलणी बसली. तिनं मार्कर बदलला, आता जाड टोकाचा वापरते.